क्वार्टरबॅकचं कोपर

फॉर्मवर 'पूर्वानुभव' असा एक रकाना होता. त्यात मी 'छायाचित्रण, सहा वर्षं' असं लिहिलं. हे अगदीच खोटं नव्हतं. कराडला माझ्या वडिलांचा फोटो स्टुडिओ होता आणि शाळेत असल्यापासून मी तिथे बसायचे. बसायचे म्हणजे टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरची मुरमं बुजवायचे, आणि गिऱ्हाईक स्टुलावर बसलं की वडिलांच्या मागे उभी राहून "हलू नका!" असं ओरडायचे. कॅमेरा मला कधीच हातात मिळाला नाही. "तुझा हात चांगला आहे, पण लक्ष ठिकाणावर नसतं," असं वडिलांचं मत होतं. ते मत लिहायला फॉर्मवर रकाना नव्हता.

ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. पुण्यात एम.एस्सी. करून मी पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरांमधल्या एका छोट्याशा कॉलेजात संख्याशास्त्र शिकायला आले होते. मोठ्या विद्यापीठांनी मला घेतलं नव्हतं, पण विचारणाऱ्याला मी "मला जरा शांत जागा हवी होती" असं सांगायचे. शांतता भरपूर होती. तुरीची डाळ आणायला दोन तास गाडीने जावं लागे, आणि गाडी आमच्याकडे नव्हती. आमच्याकडे म्हणजे मी आणि माझी रूममेट. ती नागपूरची, रसायनशास्त्राची. अख्ख्या कॉलेजात मराठी बोलणाऱ्या आम्ही दोघीच, त्यामुळे भांडण झालं की दोघीही मुक्या होऊन जायचो.

कॉलेजचं काहीतरी काम केल्याशिवाय माझं भागणार नव्हतं, म्हणून मी तो फॉर्म भरला. तो ऑडिओ-व्हिज्युअल विभागाचा होता. विभाग म्हणजे लायब्ररीच्या तळघरातल्या दोन खोल्या, अकरा प्रोजेक्टर आणि ते सांभाळणाऱ्या एक पिकल्या केसांच्या बाई. त्यांचा चष्मा गळ्यातल्या साखळीला लटकलेला असायचा. त्यांनी फॉर्म वाचला आणि चष्मा खाली सोडला.

"फुटबॉल माहीत आहे?"

"हो. आमच्या कॉलेजातही होता."

हेही खोटं नव्हतं. फक्त आमच्या कॉलेजातला चेंडू गोल होता आणि त्याला लाथ मारत.

"छान," बाई म्हणाल्या. "आपली टीम या वर्षापासून कॉन्फरन्समध्ये आहे. प्रत्येक शनिवारी तुला जावं लागेल."

कॉन्फरन्स म्हटल्यावर मला परिसंवाद वाटला. "पेपर कोण वाचणार आहे?" असं मी विचारलं. बाईंनी चष्मा पुन्हा चढवून माझ्याकडे पाहिलं, आणि मग मला सामन्यांची फिल्म काढायचा कॅमेरा दिला. मला वाटतं, त्यांच्याकडे दुसरं कोणी आलेलंच नव्हतं.

कॉन्फरन्स म्हणजे आसपासच्या डोंगरांतल्या आमच्यासारख्याच छोट्या कॉलेजांचा संघ, एकमेकांशी खेळणारा. आमची टीम जेमतेम दोन वर्षांची. त्याआधी कॉलेजात बँड होता, पण बँडला वाजवायला निमित्त नव्हतं, म्हणून टीम काढली, असं बाई सांगायच्या. आदल्या वर्षी टीम कुठल्याच संघात नव्हती. जो बोलावेल त्याच्याकडे जाऊन हरून यायची. यंदा रीतसर वेळापत्रक होतं, त्यामुळे वेळापत्रकाप्रमाणे हरता येणार होतं.

पहिला सामना आमच्याच मैदानावर झाला. प्रेक्षकांच्या लाकडी पायऱ्यांच्या वर निवेदकाची एक टपरी होती आणि तिच्या पत्र्यावर मला शिडीने चढवण्यात आलं. मी पंजाबी ड्रेसवर दोन स्वेटर घातले होते आणि ओढणी कमरेला घट्ट बांधली होती. खाली बँड वाजत होता. हेल्मेट घातलेले पन्नासेक दांडगट धावत आले. त्यांच्याजवळचा चेंडू सोललेल्या नारळाच्या आकाराचा होता, आणि लाथ त्याला क्वचितच कोणी मारत होतं.

बाईंनी एकच गोष्ट बजावली होती. "फिल्म थोडी असते. सतत चालवायची नाही. काही घडत असेल तेव्हाच बटण दाब."

हा खेळ सलग चालत नाही. एक डाव पाच-सहा सेकंदांचा. मग सगळे थांबतात, आपापल्या बाजूला गोल करून, डोकी जुळवून, पुढचं काय ते ठरवतात. पुन्हा रांगेत येतात, पुन्हा एकमेकांवर आदळतात. आता माझं सगळं शिक्षण 'हलू नका' या दोन शब्दांवर झालेलं. ती मुलं गोल करून, खांद्यावर हात टाकून उभी राहिली की माझ्या दृष्टीने फोटो तयार व्हायचा. मी चौकट नीट जुळवायचे, कोणाचं डोकं कापलं जात नाही ना ते बघायचे, आणि बटण दाबायचे. ती उधळली की मला वाटायचं, गेला फोटो! आणि मी बोट उचलायचे. शेवटी सगळ्यांचा ढीग पडला आणि स्थिर झाला की पुन्हा बटण.

आम्ही दणकून हरलो.

रविवारी दुपारी फिल्म धुऊन आली. व्यायामशाळेच्या एका वर्गात पडदे ओढून सगळी टीम बसली, आणि प्रोजेक्टर चालवायला मला बोलावलं होतं. तेव्हा मी कोचना पहिल्यांदा जवळून पाहिलं. उंच, जाडजूड गृहस्थ, मान जवळजवळ नाहीच. आवाज मात्र इतका हळू की मुलं पुढे वाकून ऐकायची. मी दिवा लावला. पडद्यावर गोल करून उभी असलेली मुलं आली. अतिशय सुरेख. मग ढीग. मग पुन्हा गोल. मग पंच, चिंतन करताना. मग ढीग. असं पाऊण तास चाललं. कोणी हसलं नाही, त्यामुळे मला वाटलं, आवडलं असावं.

दिवे लागल्यावर कोच माझ्याजवळ आले. "मिस, हे जे उभे असतात, आणि नंतर जे पडलेले असतात, त्याच्या मधे काय होतं?"

"मधे ते पळतात, सर."

"हां. ते. मला ते हवं आहे."

मी शरमेने काळीठिक्कर पडले. पण ती फिल्म वाया गेली नाही. कॉन्फरन्सचा नियम असा होता की प्रत्येक टीमने आपल्या आधीच्या सामन्याची फिल्म पुढच्या प्रतिस्पर्ध्याला पाठवायची, म्हणजे दोन्ही बाजूंना एकमेकांचा अभ्यास करता यावा. कोचकडे दुसरी फिल्म नव्हती. त्यांनी माझीच पाठवली. प्रतिस्पर्ध्यांनी आठवडाभर आमच्या मुलांची डोकी कशी जुळतात याचा अभ्यास केला असेल. त्या शनिवारी आम्ही जिंकलो. कॉलेजच्या इतिहासातला तो पहिला विजय, आणि त्यात माझा वाटा आहे हे तेव्हा मला माहीतही नव्हतं.

त्या सामन्यात मी मात्र निर्धाराने पळणाऱ्यांनाच टिपलं होतं. चेंडूच्या मागे जायचं, एवढं मला कळलं होतं. पण चेंडू कुठे आहे, हे कळत नव्हतं.

इथे क्वार्टरबॅकबद्दल सांगायला हवं. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला चेंडू ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. तो चेंडू दुसऱ्याला देतो, लांब फेकतो, किंवा दिल्यासारखं करून स्वतःच घेऊन पळतो. आमचा क्वार्टरबॅक शेवटच्या वर्षाला होता, वडील दगडाच्या खाणीत कामाला, बोलायला इतका सभ्य की मलासुद्धा 'मॅम' म्हणायचा. मैदानावर मात्र अट्टल लबाड. आमचा सर्वांत दांडगा खेळाडू त्याच्या पोटाजवळून धडधडत गेला की हा चेंडू त्याच्या हातांत दिल्यासारखं करायचा. तो दांडगा रिकामे हात पोटाशी धरून गर्दीत घुसायचा, चार जण त्याला आडवं करायचे, आणि माझा कॅमेरा भक्तिभावाने त्याच्यामागे. तेवढ्यात दूरवर कुठेतरी लोक ओरडायचे. मला वाटायचं, किती समजूतदार लोक आहेत, पडलेल्यालाही दाद देतात.

रविवारी पडद्यावर हे सगळं दिसलं तेव्हा टीम हसून लोळायला लागली. कोच हसले नाहीत. "मागे घे," ते म्हणाले. मी फिल्म मागे घेतली. "इथे तुला वाटलं चेंडू याच्याकडे आहे?"

"हो, सर."

"अगदी खात्री होती?"

"हो, सर. पूर्ण."

त्यांनी खिशातून वही काढून काहीतरी लिहिलं. प्रत्येक डावाला तेच विचारलं. शेवटी वही मिटून म्हणाले, "मंगळवारी प्रॅक्टिसला ये. कॅमेरा आणू नकोस."

मला वाटलं, नोकरी गेली. पण मंगळवारी त्यांनी मला रंगाऱ्यांच्या एका जुन्या परांचीवर उभं केलं आणि टीमला खेळवलं. प्रत्येक डाव झाला की शिट्टी वाजायची आणि कोच खालून विचारायचे, "चेंडू कोणाकडे?" मी बोटाने दाखवायचे. मी चुकले की मुलं टाळ्या वाजवायची आणि तो डाव वहीत राहायचा. मी बरोबर ओळखलं की कोच मान हलवून त्या डावावर काट मारायचे. मी जिथे फसते तिथे समोरची टीमही फसेल, असा त्यांचा हिशेब होता, आणि तो चुकला नाही. पुढचे दोन सामने आम्ही जिंकलो. पुण्यात मी दुसरी आले होते. अमेरिकेत माझी योग्यता मी किती सहज फसते यावर ठरत होती, आणि तिथे मी निर्विवाद पहिली होते.

"काय करून राहिली तू त्या परांचीवर?" रूममेटने विचारलं. प्रयोगशाळेच्या खिडकीतून तिला मी रोज दिसायचे.

"कन्सल्टिंग," मी म्हणाले.

घरीही मी तसंच लिहिलं. 'कॉलेजच्या क्रीडा विभागात सल्लागार म्हणून घेतलं आहे.' वडिलांनी स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगितलं आणि मला लिहिलं, 'कसला सल्ला देतेस ते सविस्तर कळव.' पुढच्या पत्रात मी हवामानाबद्दल सविस्तर कळवलं.

मग कॉन्फरन्सच्या कार्यालयातून पत्र आलं. दोन कॉलेजांनी तक्रार केली होती. आमच्याकडून येणाऱ्या फिल्ममध्ये एक तर मुलं नुसती उभी असतात किंवा चेंडू कधीच दिसत नाही, आणि हा प्रकार मुद्दाम चाललेला आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. चित्रीकरणाचा दर्जा सुधारावा, नाहीतर कारवाई होईल. कोचनी पत्र माझ्या हातात दिलं. "हे तुझ्याबद्दल आहे," ते म्हणाले. अमेरिकेत माझ्याबद्दल अधिकृतपणे लिहिलं गेलेलं ते पहिलं पत्र. त्यात माझ्या अज्ञानाला चक्क कारस्थान म्हटलं होतं. क्षणभर मला बरंच वाटलं.

पण बाईंना वाटलं नाही. विभागाच्या अब्रूचा प्रश्न होता. त्यांनी मला रोज दुपारी लायब्ररीच्या मागच्या हिरवळीवर नेलं. तिथे खारींचा सुळसुळाट होता. मी फिल्म न भरलेला कॅमेरा खांद्यावर घेऊन खारी टिपायला शिकले. "अक्रोड जिच्या तोंडात आहे तिच्या मागे जा," बाई बाकावरून सांगायच्या. "दुसरा डोळा मिटू नकोस. चौकट मोठी ठेव. हिच्या मागे लागलेलीही त्यात दिसली पाहिजे." येणारे-जाणारे प्राध्यापक थांबून बघायचे. माझे मार्गदर्शकही एकदा थांबले. त्यांनी काही विचारलं नाही. पण पुढच्या भेटीत माझी झोप नीट होते का, असं त्यांनी काळजीने विचारलं.

खारींनी मला तयार केलं. पुढचा सामना परगावी होता. तिथे चढायला टपरीही नव्हती, म्हणून गावच्या आगीच्या बंबाच्या शिडीवर मला बसवलं. तिथून मी अक्षरशः सगळं टिपलं. रविवारी पडद्यावर बावीसच्या बावीस जण दिसत होते, चेंडू दिसत होता, क्वार्टरबॅकच्या पाठीवरचा आकडा स्वच्छ वाचता येत होता. टीमने उठून टाळ्या वाजवल्या. तोही सामना आम्ही जिंकलो होतो. नियमाप्रमाणे ती फिल्म पुढच्या कॉलेजला गेली.

आणि पुढच्या शनिवारी त्या कॉलेजच्या मैदानावर आम्ही सपाटून हरलो. क्वार्टरबॅकने केलेली एकही हुलकावणी चालली नाही. त्याने चेंडू दिल्याचं नाटक केलं की दोघेतिघे थेट त्याच्याच अंगावर. तो धावून आलेल्यांच्या खालून उठायचा, हेल्मेट नीट करायचा आणि पुन्हा आडवा व्हायचा. सामना संपल्यावर समोरचे कोच हसत हसत माझ्या शिडीपाशी आले. "आमच्याकडे आलेली फिल्म तू घेतलीस का? या कॉन्फरन्समधली सर्वांत चांगली फिल्म आहे. सगळं दिसतं."

मी हवेत तरंगत बसमध्ये चढले आणि पहिल्याच बाकावर बसलेल्या आमच्या कोचना ते शब्द तसेच्या तसे सांगितले. त्यांनी डोळे मिटले. बस डोंगर उतरून निम्म्या वाटेवर आली तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. मागच्या बाकावर क्वार्टरबॅक ओठाला बर्फाची पिशवी लावून बसला होता. मी मागे वळून बघितलं नाही.

सोमवारी मी वर्ग बुडवून तळघरात ती फिल्म लावली. त्यांना काय दिसलं, ते शोधायचंच होतं. एकेक चित्र थांबवून मी बघत गेले. बुधवारी सापडलं. क्वार्टरबॅक चेंडू खरोखर देत असला तर त्याचे दोन्ही हात सरळ पुढे जायचे. नुसतं नाटक करत असला तर त्याचं उजवं कोपर बाहेर यायचं, कपाच्या कानासारखं. प्रत्येक वेळी. मी तक्ता केला. एका बाजूला कोपर आत-बाहेर, दुसऱ्या बाजूला चेंडू कोणाकडे, खाली संभाव्यतेची सूत्रं. तो तक्ता घेऊन मी कोचकडे गेले. अपराधीपणा होताच, पण खरं सांगायचं तर अभिमान जास्त होता.

कोचनी तक्ता उलटा धरला होता. "थोडक्यात सांग."

"त्याचं कोपर, सर."

त्यांनी ते त्याला सांगितलं, आणि तिथे सगळं आणखी बिघडलं. पुढच्या सामन्यात त्याने कोपर बरगडीला चिकटवून ठेवलं. चालायला सांगितल्यावर पाय कसे टाकायचे ते आठवेनासं व्हावं, तसं त्याचं झालं. चेंडू हातातून निसटायचा, दांडग्याच्या गुडघ्यावर आपटायचा, गवतावर घरंगळायचा. आम्ही तोही सामना हरलो. आधी मी शत्रूला त्याचं गुपित पाठवलं होतं, आणि आता त्यालाच त्याच्या हाताची भीती बसवली होती. एवढ्या कामासाठी दुसऱ्या टीमला हेर नेमावा लागला असता.

मंगळवारी दुपारी तो तळघरात आला. दारातच टोपी काढून उभा राहिला.

"मॅम, ते खरंच दर वेळी बाहेर येतं?"

"दर वेळी."

"मी बघू का?"

मी फिल्म लावली. त्याने स्वतःला असं कधी पाहिलंच नव्हतं. सगळ्यांबरोबर बघताना तो इतरांच्याच चुका बघायचा. तो खुर्ची पुढे ओढून बसला, आणि आपलं कोपर बाहेर येताना बघून दर वेळी हळूच "अरे देवा" म्हणायला लागला. मला त्याच्याकडे बघवेना. "हे सगळं माझ्यामुळे झालं," मी म्हणाले. "मी वाईट फिल्म काढत होते तोवर तुम्ही जिंकत होतात. शेवटच्या टीमला मी पुन्हा तसलीच एखादी फिल्म पाठवली तर..."

"नको," तो म्हणाला. "कोचना मी ते विचारून झालंय."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, त्या मुलीने मर मर मरून काम शिकून घेतलंय. ते विसर म्हणून तिला सांगायची माझी हिंमत नाही."

मी उठून फळ्याकडे गेले आणि त्याला संभाव्यता समजावून सांगायला लागले. पाहणाऱ्याला माहिती कशी मिळते, ती कमी कशी करता येईल, दहातल्या किती डावांत कोपर उगाचच बाहेर काढलं तर समोरच्याचा अंदाज कितपत चुकेल. अर्धा तास मी बोलत होते. फळा भरला. तो शाळेत मास्तर होण्यासाठी शिकत होता, त्यामुळे की काय, फार शहाण्यासारखं ऐकत होता.

मग त्याने हात वर केला. "मॅम, मी ते दर वेळी बाहेर काढलं तर? म्हणजे खरं देतानासुद्धा?"

मी फळ्याकडे बघितलं. मग त्याच्याकडे. मग फळा पुसला.

शेवटचा सामना कॉन्फरन्समधल्या सर्वांत तगड्या टीमशी होता, आमच्या मैदानावर. नोव्हेंबर मध्यावर आला होता आणि टपरीच्या पत्र्यावर हिम पडून कडक झालं होतं. मी साडेतीन स्वेटर घातले होते. अर्धा म्हणजे रूममेटचा बिनबाह्यांचा. कोपराची बातमी एव्हाना सगळ्या कॉन्फरन्सभर पसरली होती. क्वार्टरबॅकने पहिल्याच डावाला कोपर बाहेर काढलं आणि समोरचे तिघे त्याच्यावर झेपावले. चेंडू खरोखरच दांडग्याकडे होता. तो मोकळ्या मैदानातून एखाद्या बैलासारखा उधळला. पुढच्या डावाला पुन्हा कोपर, आणि या वेळी चेंडू क्वार्टरबॅककडेच. समोरची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. वरून मलाही काही कळेना. मी आपली बाईंचं ऐकून चौकट मोठी ठेवली आणि कोणाच्याच मागे गेले नाही.

तरी ते तगडे होते. अगदी शेवटी आम्ही सहा गुणांनी मागे होतो, आणि घड्याळात सेकंदच उरले होते. क्वार्टरबॅक कोपर बाहेर काढून वळला, दांडग्यावर चार जण पडले, आणि हा बाजूने पळत जाऊन रेषेपलीकडे पोहोचला. त्याचे सहा गुण, म्हणजे बरोबरी! आता चेंडूला एक साधी लाथ मारून खांबांमधून घालवायची की एका गुणाने विजय. आमच्या मुलाने लाथ मारली. चेंडू खांबाला लागला आणि बाहेर पडला. खेळ संपला. त्या काळी सामना असाही सुटायचा, बरोबरीत.

मैदानावर चिडीचूप झालं. जिंकल्यावर काय करायचं, हरल्यावर काय करायचं, हे त्या लोकांना पाठ होतं. बरोबरी झाल्यावर चेहरा कसा ठेवायचा, हे कोणालाच माहीत नव्हतं. बँडवाले वाद्यं तोंडाशी धरून एकमेकांकडे बघत होते. मी पत्र्यावर उभी राहून एकटीच टाळ्या वाजवत होते. पाच दिवस खेळून सामना अनिर्णित राहिला तरी तृप्त मनाने घरी जाणाऱ्या माणसांत मी वाढलेली. पराभवाच्या तोंडातून सामना वाचवला, याहून आणखी काय पाहिजे? मोजे घातलेल्या हातांच्या टाळ्यांचा आवाज फारसा येत नाही, पण कोचनी वर बघितलं.

मी खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "तुला हे आवडलं?"

"फार, सर. सन्मानाने सुटलो."

मग त्या हळू आवाजात म्हणाले, "बसमध्ये मुलांना हे सांगशील का?" मग त्यांच्या लक्षात आलं की सामना आपल्याच मैदानावर होता आणि बस नव्हती. तेव्हा आम्ही चालतच व्यायामशाळेपर्यंत गेलो आणि कपडे बदलायच्या खोलीच्या दाराबाहेर उभी राहून मी पन्नास मुलांना कसोटी क्रिकेटमधला ड्रॉ समजावून सांगितला. ती ओली, चिखलाने माखलेली, कोणी नाकात कापूस घातलेली मुलं ऐकत होती. एकाने विचारलं, "पाच दिवस? आणि कोणीच जिंकत नाही?" मी म्हणाले, "आणि मधे चहा असतो." ते हसले. जरा मोठ्याने हसले.

घरी रूममेट वाट बघत होती. "जिंकले का?"

"नाही."

"हरले मग."

"नाही."

"बाप्पा! मग तीन तास तिथे काय करून राहिले होते?"

दोन आठवड्यांनी थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत क्वार्टरबॅकने आम्हा दोघींना त्याच्या घरी जेवायला बोलावलं. त्याचे वडीलच गाडी घेऊन आले. त्यांचे हात दगडासारखेच होते. माझा हात हातात घेऊन ते म्हणाले, "कोपर शोधणारी ती तूच ना!" वाटेत मी त्यांना सगळा शोध समजावला. तो तक्ताही मी घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. कोणी विचारलंच तर असावा म्हणून.

घर छोटं आणि उबदार होतं. आई शाळेच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करायची. आम्ही मांस खात नाही हे मुलाने सांगितल्यामुळे तिने मॅकरोनी आणि चीजचं असं घमेलं केलं होतं की त्यात खाणीतली अख्खी पाळी जेवली असती. लाल भोपळ्याचं गोड सारण भरून भाजलेला 'पाय' नावाचा पदार्थही होता. त्याला घारग्यांचा वास येत होता. जेवताना वडिलांनी मला सांगितलं, "हिलाही सांग, कसं शोधलंस ते."

मी सांगायला लागले. चित्रं एकेक करून कशी थांबवली, तीन दिवस कशी बसून होते, कोपर आणि चेंडू यांचा संबंध कसा लक्षात आला. पर्सकडे हात जातच होता. क्वार्टरबॅक ताटात बघत बसला होता. आई ऐकता ऐकता मॅकरोनी वाढत होती.

"कोणतं कोपर?" तिने विचारलं. "उजवं?"

"हो," मी म्हणाले.

"ते तर चार वर्षांचा असल्यापासून आहे. बिस्किटं तू खाल्लीस का म्हणून विचारलं की 'नाही' म्हणायचा, आणि उजवं कोपर बाहेर." तिने मला आणखी एक मोठा चमचा वाढला. "मी टीमच्या पहिल्या वर्षापासून प्रत्येक सामन्याला बसून बघत आलेय. आता खोटं करतोय, आता खरं करतोय. मला वाटायचं, ते सगळ्यांना दिसत असेल."

वडिलांनी हातातला काटा खाली ठेवला. "तू बोलली का नाहीस?"

"मला कोणी विचारलं नाही," ती म्हणाली.

क्वार्टरबॅक कानापर्यंत लाल झाला होता. माझी रूममेट हसू दाबायला पाणी प्यायला गेली आणि तिला ठसका लागला. मी पर्स खुर्चीखाली सरकवली आणि मॅकरोनी खायला लागले. फार चांगली झाली होती, थोडी अळणी. उरलेली तिने आम्हाला चकचकीत कागदात बांधून दिली. ती पुढचे तीन दिवस आम्ही दोघींनी लसणाची फोडणी घालून खाल्ली.